बासष्ट घरांची वेबसाइट

पनवेल तालुक्यात इंटरनेटवर हातपाय धुऊन जाणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमचा घरमालक होता. हे तुम्हाला वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. न्याहारी झाली की काका मोरीत जायचे, पायांवर दोन तांबे पाणी घ्यायचे, पंच्याने तोंड पुसायचे आणि मग कॉम्प्युटरसमोरच्या लाकडी खुर्चीत बसायचे. त्यातून सरकारी साइट उघडायची असेल तर अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन. बनियनवर त्यांनी सरकारी साइट उघडल्याचं मला आठवत नाही. एकदा मला रेशन कार्डावरचा पत्ता बदलायचा होता, म्हणून मी संध्याकाळी साडेपाचला खाली गेले, तर त्यांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. "आता नाय बाय. हापिस बंद झाला असंल. सकाली ये." मी म्हटलं, अहो काका, वेबसाइट चोवीस तास उघडी असते. ते शांतपणे म्हणाले, "उगडी असंल. पन मानूस बसलेला असतो का तिथं?" मी गुपचूप जिना चढून वर आले.

आम्ही तीन वर्षं त्यांचे भाडेकरू होतो. मी मूळची कराडकडची, एका वकिलाच्या ऑफिसात मराठी टायपिंग करणारी. काका इथले, मिठागरावर राबलेल्या आगरी घरातले. त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं, आणि मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी चार मजली इमारत बांधली. खाली काका आणि काकू, वर आम्ही घाटावरचे, विदर्भातले आणि कुठले कुठले. एकुलती मुलगी लग्न होऊन बडोद्याला. जावयाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना सासऱ्यांना पाठवून दिला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नोकरीत असताना काका एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी फायली लावल्या. कुठली फाइल कुठल्या कप्प्यात, हे साहेबाला माहीत नसे, काकांना असे. अशा माणसाच्या हाती इंटरनेट सापडलं, म्हणजे एवढा मोठा पसारा आणि एकही कप्पा नाही. त्यांना ते बघवेना. त्यांनी फुलस्केप वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि जगातल्या वेबसाइटी लावायला बसले.

त्या वहीत काय काय होतं म्हणून सांगू. सरकारी साइट ही आपल्याकडे कुठला कागद नाही हे कळण्यासाठी असते, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. खरेदीची साइट बघण्यासाठी. घेण्यासाठी नव्हे. काका तिथे तासन्‌तास फिरायचे, पंखे, छत्र्या, बॅटऱ्या पिशवीत टाकायचे आणि पिशवी तिथेच ठेवून निघून यायचे. "बाजारात गेला म्हनजे घेतलाच पायजे असा काय हाय?" बातम्यांची साइट गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी असते, मध्ये मध्ये बातमी घालतात, असं त्यांचं मत. बातमी ते वाचायचेच नाहीत, खाली लोक एकमेकांना काय काय बोललेत तेवढं वाचायचे आणि काकूंना स्वयंपाकघरात जाऊन सांगायचे. नोकरीच्या साइटवर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा अर्ज त्याला न विचारता भरून टाकला होता. तो पोरगा आधीच नोकरीला होता, आणि त्याच्याच कंपनीतून त्याला मुलाखतीला फोन आला, तेव्हा बिचाऱ्याची काय गत झाली असेल. पण सगळ्यात राग लग्नाच्या साइटवर. "सगले गोरे, सगल्यांना पोहायला आवडतो," ते म्हणायचे. "आमी समिंदरावर जलम काढला, एक पन पोहताना दिसला नाय."

अजून एक खोड सांगते, कारण ती आधी मला फार विनोदी वाटली होती. कुठल्याही साइटवर 'मला अटी मान्य आहेत' असा चौकोन आला की आपण डोळे मिटून टिचकी मारतो. काका त्या अटी वाचायचे. सगळ्या. इंग्रजी असतील तर डिक्शनरी घेऊन. रिक्षावाल्यांच्या कुठल्या तरी ॲपच्या अटी वाचायला त्यांना नऊ दिवस लागले, आणि नवव्या दिवशी 'मान्य नाही' करून ते कामोठ्याला चालत गेले. मी हसत हसत म्हटलं, काका, हे जगात कोणी वाचत नाही हो. ते म्हणाले, "माज्या बापानं पन नाय वाचला. वाचता येतच नव्हता. अंगठा दिला, मंग मिठागर गेला." एवढं बोलून पुन्हा डिक्शनरीत डोकं घातलं. त्यानंतर मी त्या गोष्टीला हसले नाही.

वहीच्या शेवटी नकाशाच्या साइटी होत्या. त्या पानावर बाकी काही नव्हतं, फक्त एक ओळ: 'गाव शोधणे.' मला वाटलं, गाव सापडण्यासाठी असतात असं म्हणायचं असेल. एक दिवस मी रेशन कार्डाच्याच कामाला सकाळी खाली गेले, तेव्हा ते नकाशा उघडून बसले होते. विमानातून दिसावी तशी जमीन, आणि मधोमध करड्या रंगाचा लांबलचक पट्टा. त्या पट्ट्यावर ते बोटाने घरं दाखवत होते, मला नव्हे, स्वतःलाच. इथं होळीचा माळ. इथं देऊळ. इथं आमची पडवी. मी मागे उभी होते. मग त्यांनी दुसरी साइट उघडली, जिथे जगातली सगळी माहिती असते आणि कोणीही लिहू शकतं, अशी. त्यात त्यांच्या गावाबद्दल दोन ओळी होत्या: गाव कुठल्या तालुक्यात आणि लोकसंख्या किती. काका म्हणाले, "बासष्ट घरा व्हती बाय. दोन लायनी."

म्हणून मग आम्ही वेबसाइट केली. फुकटात करता येते तशी. रोज ऑफिसातून आल्यावर मी तासभर खाली बसायचे, काका सांगायचे, मी टाइप करायचे, काकू मध्येच सुकटीचा वास अंगाला घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि एखादं नाव सुधारून आत जायच्या. प्रत्येक घराला एक पान. घर कुणाचं, दार कुठल्या दिशेला, अंगणात काय, कोण जाळं टाकण्यात पटाईत, कोणाच्या हळदीला किती गावं जेवली. दर पानाखाली काकांचा फोन नंबर आणि किती माणसं येऊन गेली हे दाखवणारा आकडा. साइट चालू झाली त्या दिवशी काकूंनी नारळ फोडला, मॉनिटरवर हळदकुंकू वाहिलं, आणि काकांनी साऱ्या नातलगांना फोन केले. विखुरलेले सगळे. कोणी ओव्याला, कोणी उलव्याला, कोणी पार कर्जतला. सगळे 'बगतो बगतो' म्हणाले. आठवड्याने सगळ्या पानांचा मिळून आकडा एकोणीसवर होता. त्यातले बारा काका स्वतः आणि सात मी.

आता माझी चूक सांगते. मी घरं अकारविल्हे लावली होती. वकिलाच्या ऑफिसात सगळं अकारविल्हे लागतं, हात तसाच वळला, आणि काका तेव्हा नेमके ताप येऊन पडले होते. मला घाटावरचीला काय माहीत, की त्या गावात आमंत्रण असो, नारळ असो की होळीची पोळी, घरांचा एक क्रम आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कोणी मोडलेला नाही. मानाचं घर पहिलं. ते माझ्या यादीत एकेचाळिसावं आलं. कोणीतरी कोणाला तरी दाखवलं, आणि रविवारी सकाळी इमारतीखाली तीन गाड्या येऊन थांबल्या. नऊ माणसं उतरली, सगळ्यांच्या गळ्यात चेन, सगळ्यांचे आवाज चढलेले. "आमच्या आज्याला एकेचालिसावा घातलास? कोनी शिकवला तुला?" मी जिन्यातच उभी. माझ्यामुळे म्हाताऱ्याला हे ऐकावं लागतंय, म्हणून मी रडायच्या बेतात आले होते. आणि काका? काका त्या नऊ जणांकडे बघत होते, आणि तापातून उठलेल्या त्या माणसाचा चेहरा असा उजळला होता की मी चकित झाले. ते दारातूनच आत ओरडले, "अगो, चा ठेव. धा जनांचा."

ते लोक दुपारी तीन वाजता गेले. भांडण अर्ध्या तासात संपलं, मग होळी निघाली, मग कोणाची होडी कोणी बुडवली ते निघालं, मग एकजण उठून आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आला. आकडा दोनशेच्या वर गेला होता. मी त्याच रात्री क्रम सुधारला, काकांची हात जोडून माफी मागितली, आणि साइट पुन्हा गप्प झाली. महिनाभर कोणी फिरकलं नाही. काका रोज हातपाय धुऊन बसायचे, आकडा बघायचे, उठायचे.

पुढच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की एका घराच्या पानावर आंब्याचं झाड शेजाऱ्याच्या अंगणात गेलंय. मी म्हटलं, काका, हे चुकलंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चुकला नाय. ठेवलाय."

मला समजायला जरा वेळ लागला. "बरोबर लिवला तर कोन येतो बाय?" ते म्हणाले. "बरोबर वाचून मानूस गप बसतो. चुकला की उठतो." आणि खरंच, त्या शनिवारी आंबेवाला उठून आला. तिथून काकांनी जे काही चालवलं, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. खरी हकिगत ते वहीत लिहून ठेवायचे आणि साइटवर एक चूक सोडायचे. कुठलीही नव्हे. माणूस बघून, त्याला कुठे लागेल ते जोखून. एकाची होडी दोन हात आखूड केली. एकाच्या बापाने टाकलेल्या जाळ्याला महागाच्या घोळ माशाऐवजी बोंबील लावले. मेलेल्याचा अपमान नाही, कोणाच्या लेकीसुनेबद्दल अक्षर नाही, हा नियम. आणि दुसरा नियम असा की फोनवर दुरुस्ती होणार नाही. यायचं, बसायचं, चहा घ्यायचा, खरं काय ते सांगायचं, मग काका समोर टाइप करणार. आपटा गावाहून एक ऐंशीची म्हातारी नातवाला घेऊन आली होती, कारण तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं असं आम्ही लिहिलं होतं. दारातूनच काकांना तिने जे शिव्यांनी धुतलं, ते इथे लिहिता येणार नाही. मग बसली. त्या विहिरीवर कोण कोण यायच्या, एकेकीचं नाव घेत गेली, आणि शेवटी म्हणाली, "गोड व्हता रे पानी. लिव, गोड व्हता." काकांनी दोन बोटांनी टाइप केलं आणि तिला वाचून दाखवलं. जाताना काकूंनी तिला सुक्या मासळीची पिशवी दिली.

दीड वर्ष हे चाललं. मग हळूहळू माणसं येईनाशी झाली. काही वारली, काही जमिनी विकून लांब गेली, काहींची पोरं म्हणाली वेळ नाही. एका संध्याकाळी काकांनी स्वतःच एका घरी फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे मलाही ऐकू आलं. काका म्हणाले, तुज्या घराचा तोंड आमी उत्तरेला लिवलाय, बगितलास का? पलीकडचा माणूस चांगल्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे ना काका. घरच नाय ऱ्हायला, तोंड कुठं का असंना." काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. एवढ्या सगळ्यात त्यांना म्हातारं झालेलं मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर आम्ही खारघरला स्वतःची जागा घेतली. जाताना काकूंनी जवळ्याच्या, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीच्या, चटणीचा डबा दिला, स्टीलचा, झाकणावर काकांचं नाव कोरलेला. त्या घरातून वर डबे येण्याची आणि आमच्याकडून काही ना काही घालून ते खाली जाण्याची तीन वर्षांची रीत होती. रिकामं भांडं मी कधी परत पाठवलं नाही, आईने लावलेलं वळण आहे. जवळा मी आधी नाकाला पदर लावून बघितला होता, नंतर बोटं चाटायला लागले, तो भाग वेगळा. मी काकांना म्हटलं, येते दर महिन्याला, खारघर काय लांब आहे? काका म्हणाले, "साइट बगत जा." मी म्हटलं, रोज बघेन.

नाही बघितली. कशाला खोटं बोलू? पहिला महिना घर लावण्यात गेला, दुसरा सासूबाईंच्या ऑपरेशनमध्ये, मग काहीच कारण उरलं नाही आणि तरी गेले नाही. काकांचा पंधरा दिवसांनी फोन यायचा. "साइट बगतेस का?" मी भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणायचे, बघते हो काका. "सगला बरोबर हाय ना?" हो हो, सगळं बरोबर आहे. ते थोडे थांबायचे, मग 'बरा बरा' म्हणून ठेवायचे. दर वेळी तेच दोन प्रश्न. म्हातारपणी माणूस तेच तेच विचारतो, असं मी आमच्या ह्यांना सांगायचे. मग फोन यायचे थांबले, आणि ते थांबल्याचं मला कधी जाणवलं तेही सांगता येत नाही. डबा ओट्याखाली होता. त्यात काहीतरी चांगलं घालून न्यायचा म्हणून ठेवला होता.

काका गेल्याचं मला तिसऱ्या मजल्यावरच्या पोराच्या मेसेजवरून कळलं, तेही पंधरा दिवसांनी. मी होते तशी निघाले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. मी पायाशी बसले. त्याच म्हणाल्या, "तो कॉम्प्युटर लाव. तुजा काय तरी लिवलाय त्यांनी. म्हनायचे, बगल तवा भांडायला येल बग ती."

मी कॉम्प्युटर लावला. तशीच, प्रवासाच्या पायांनी. मग उठून मोरीत गेले, पायांवर पाणी घेतलं आणि येऊन बसले. बासष्ट घरं ओळीने होती, मानाचं पहिलं. बासष्टच्या खाली त्रेसष्टावं होतं. मी कधी न केलेलं पान. त्यावर माझं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, आणि दोन बोटांनी टाइप केलेल्या चार ओळी. 'या बाई आमच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षे राहत. गावाचे सर्व लिखाण यांच्या हातचे. जवळा आवडीने खात. जाताना दिलेला डबा यांनी परत केला, परंतु रिकामा.'

पानाखालचा आकडा एकशे अठरा होता. दिवसाला एकदा तरी, असं ते रोज उघडून बघत असणार, मी आले का, हे बघायला. माणूस जोखण्यात ते कधी चुकले नव्हते. हे वाक्य मी वाचलं असतं ना, तर त्याच पावली रिक्षा करून आले असते, चप्पल न काढता दारातून ओरडले असते की काका, रिकामा? मी? आणि त्यांनी आत सांगितलं असतं, चा ठेव. माझ्यासाठी त्यांनी सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक शोधून काढली होती, आणि मी चार महिने फोनवर त्यांना सांगत होते की सगळं बरोबर आहे.

मला हुंदका आवरेना. काकू उठल्या, आत गेल्या, चहा ठेवला. एक कप माझ्यापुढे ठेवून शेजारी बसल्या. नियमाप्रमाणे मी बसले होते, चहा घेतला होता. आता खरं काय ते सांगायचं होतं. मी शेवटची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: 'डबा यांनी अजून परत केलेला नाही.'

काकूंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलास?"

मी वाचून दाखवलं. त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मंग आन की येत्या आयतवारी. आन डबा दिलास तरी ते पान तसाच ऱ्हाऊ दे, खोडू नको."